कॅनडात वकील व्हायचंय? आधी गुरू शोधा!

मुलांनो, गेल्या महिन्यात सांगलीहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं. ती सातवीत आहे. ती लिहिते, "माझा मामेभाऊ इथे एलएलबी झाला. दोन वर्षं काळा कोट घालून कोर्टात जात होता. आता तो टोरांटोला गेलाय आणि तिथे पुन्हा परीक्षा देतोय! मामी म्हणते, परीक्षा झाल्या तरी त्याला कोणीतरी हाताखाली घ्यायला हवंय, नाहीतर सगळं अडून बसेल. वकिलाला वकील व्हायला दुसरा वकील कशाला लागतो?"

प्रश्न झकास आहे. आणि त्याचं उत्तर एका ओळीत देण्यासारखं नाही, म्हणून आज आपल्या सदरात कॅनडातल्या नव्या वकिलांची गोष्ट.

आधी पुन्हा परीक्षा का, ते पाहू. माणसाचं अपेंडिक्स सांगलीत जिथे असतं तिथेच टोरांटोतही असतं. (तरी डॉक्टरांनासुद्धा तिकडे परीक्षा द्याव्या लागतातच, पण ते असो.) कायद्याचं तसं नाही. देशाची सीमा ओलांडली की कायदा बदलतो. कॅनडात तर प्रांताची सीमा ओलांडली तरी बराचसा बदलतो. तिथे दहा प्रांत आणि तीन प्रदेश आहेत. चोरी, मारामारी, खून यांचा फौजदारी कायदा देशभर एकच. पण घरभाडं, जमीनजुमला, वारसा यांचे कायदे प्रांताप्रांतांचे. क्विबेक प्रांतात तर दिवाणी कायद्याची घडणच फ्रेंच वळणाची, बाकीच्या प्रांतांत इंग्रजी वळणाची. आणि देशाचे कायदे इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत होतात. त्यातली एक प्रत मूळ आणि दुसरी भाषांतर असं नसतं, दोन्हींचा मान सारखाच. दोन प्रतींतल्या शब्दांत फरक पडला तर न्यायाधीशांना दोन्ही शेजारी शेजारी ठेवून अर्थ लावावा लागतो. बघा, भाषेच्या पेपराची भीती वाटणाऱ्यांनी तिथे न्यायाधीश होऊ नये!

वकिलीची सनद देण्याचं काम बहुतेक प्रांतांत 'लॉ सोसायटी' नावाची संस्था करते. क्विबेकात वकिलांना 'बारो' आणि नोटरींना 'शांब्र' अशा दोन वेगळ्या संस्था आहेत. भारतातून गेलेल्या पदवीधराचं शिक्षण आधी एक राष्ट्रीय समिती तपासते. मग ती सांगते त्या विषयांच्या परीक्षा द्यायच्या: कॅनडाची राज्यघटना, फौजदारी कायदा, सरकारी कारभाराचा कायदा, कॅनडाच्या कायद्याचा पाया, वकिलाने पाळायची नीती. हे झालं की तो तिथल्या कॉलेजातून पास झालेल्या मुलामुलींच्या रांगेत येऊन उभा राहतो. लक्षात घ्या, फक्त रांगेत. अजून दार उघडलेलं नाही.

पुढे लॉ सोसायटीची परीक्षा असते. ओंटारिओ प्रांतातली परीक्षा पुस्तक उघडून द्यायची म्हणून प्रसिद्ध झाली. उमेदवार कागदांचे गठ्ठे घेऊन यायचे, कुठल्या पानावर काय आहे याची सूची स्वतः करून आणायचे. "मग सोप्पीच की!" असं म्हणाल, तर वेळ आणि पानं यांचा मेळ घालून पाहा म्हणजे कळेल. २०२२ च्या मार्चमध्ये तिथेही पेपर फुटल्याचा संशय आला. घरबसल्या संगणकावर घ्यायच्या परीक्षा रद्द झाल्या आणि नंतर उमेदवारांना समोर बसवून घेतल्या गेल्या. उद्या कायदा राखायला निघालेल्यांच्या परीक्षेत हे व्हावं, याचं मला तरी फार वाईट वाटलं.

आता मामींच्या त्या 'हाताखाली घेण्या'कडे येऊ.

तुमच्या नात्यात कोणी सीए होत असेल तर 'आर्टिकलशिप' हा शब्द तुमच्या कानांवर आलाच असेल. कॅनडातल्या वकिलांचंही तसंच. त्याला म्हणतात 'आर्टिकलिंग'. यातलं आर्टिकल म्हणजे मासिकातला लेख नव्हे, तर करारातली कलमं. जुन्या इंग्लंडात शिकाऊ कारकून आणि त्याचा वकील यांच्यात लेखी करार व्हायचा, त्यावरून हे नाव पडलं. आपल्याकडे याला उमेदवारी म्हणतात. मुदत प्रांताप्रांतावर, साधारण आठ महिन्यांपासून वर्षभरापर्यंत. ज्या वकिलाच्या हाताखाली शिकायचं त्याला तिथे 'प्रिन्सिपल' म्हणतात. शाळेचे नव्हेत बरं का! पण धाक साधारण तेवढाच.

आपल्या देशात असं सक्तीचं नाही. पदवी मिळाली की बार कौन्सिलकडे नाव नोंदवायचं, अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हायचं. सीनिअरकडे बसायचा रिवाज आहे, आणि ज्याला काम शिकायचंय तो बसतोच. पण कुणी घेतलं नाही म्हणून सनद अडत नाही. कॅनडात अडते.

एका दृष्टीने हे चांगलंच आहे. पुस्तकात वाचून पोहता येत नाही. अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा, रडणाऱ्या अशिलाला पाणी देऊन आधी गप्प बसून ऐकायचं, विरुद्ध बाजूच्या वकिलाला पत्र लिहिताना राग बाजूला ठेवायचा, हे वर्गात शिकवता येत नाही. पण यात एक मोठी गोम आहे. समजा तुम्ही हुशार आहात, सगळे पेपर सोडवलेत, आणि गावातल्या एकाही वकिलाने तुम्हाला हाताखाली घेतलं नाही तर?

ही नुसती कल्पना नाही. असं खरोखर घडलं आहे.

डेलॉस रोजेस्ट डेव्हिस हा ओंटारिओतला एक काळा शिक्षक. १८७० च्या दशकात त्याने कायद्याचा अभ्यास सुरू केला. अभ्यास झाला, पण उमेदवारीला त्याला कोणी घेईना. कारण एकच, कातडीचा रंग. वर्षांमागून वर्षं गेली. अकरा वर्षं तो कायदा वाचत होता! शेवटी त्याने प्रांताच्या विधिमंडळाचं दार ठोठावलं. १८८४ साली विधिमंडळाने चक्क त्याच्या एकट्यासाठी, त्याचं नाव घालून, एक कायदा केला: या गृहस्थाने उमेदवारी केलेली नसली तरी परीक्षा पास झाल्यास त्याला सनद द्यावी. तो पास झाला. १८८५ मध्ये सॉलिसिटर झाला, १८८६ मध्ये बॅरिस्टर. ॲमहर्स्टबर्ग नावाच्या गावी त्याने वकिली केली. पुढे मुलगाही त्याच कचेरीत आला. त्या मुलाला उमेदवारीसाठी दारोदार फिरावं लागलं नसेल, घरातच प्रिन्सिपल होता!

दुसरी गोष्ट क्लॅरा ब्रेट मार्टिन हिची. १८९१ साली तिने लॉ सोसायटीकडे अर्ज केला. उत्तर आलं, नियमात 'व्यक्ती' असं लिहिलंय आणि व्यक्ती म्हणजे पुरुष. आता हसू येतं, पण तेव्हा ही मंडळी गंभीरपणे असं लिहीत होती. १८९२ मध्ये कायदा बदलला आणि स्त्रियांना सॉलिसिटर होता येईल असं ठरलं. बॅरिस्टर होण्यासाठी १८९५ मध्ये आणखी एक कायदा करावा लागला. तिने उमेदवारी केली तिथल्या तरुण कारकुनांनी तिला इतका त्रास दिला की तिला कचेरी बदलावी लागली. पण २ फेब्रुवारी १८९७ ला ती बॅरिस्टर झाली, साऱ्या ब्रिटिश साम्राज्यातली पहिली स्त्री वकील.

साम्राज्यात तेव्हा आपणही होतो, म्हणून इथे आपल्या नाशिकची आठवण काढायलाच हवी. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्येच ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली होती. पण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना परीक्षेला बसू द्यायचं, पदवी द्यायचं नाही. त्यांना पदवी मिळाली ती १९२० नंतर. आणि भारतात स्त्रियांना वकिली खुली करणारा कायदा झाला १९२३ साली. म्हणजे अभ्यासात आपली नाशिककर पुढे, आणि दार मात्र टोरांटोत आधी उघडलं.

क्लॅराबाईंची गोष्ट इथे संपवली असती तर छान वाटलं असतं. पण १९१५ साली त्यांनी लिहिलेलं एक पत्र पुढे उजेडात आलं. त्यात ज्यू लोकांविषयी द्वेषाचा मजकूर होता. ओंटारिओ सरकारने एका इमारतीला त्यांचं नाव दिलं होतं, ते १९९० मध्ये काढून टाकलं. स्वतः दार ठोठावून आत आलेल्या माणसाने मागच्यांसाठी असं का लिहावं? याचं उत्तर मला नीटसं सापडलेलं नाही. तुमच्या वर्गात यावर वाद घालून पाहा.

तिकडे पश्चिमेच्या ब्रिटिश कोलंबियात आणखी वेगळी युक्ती होती. वकील व्हायचं तर मतदार यादीत नाव येण्याजोगं असायला हवं, असा नियम. आणि चिनी, जपानी, भारतीय वंशाच्या लोकांना मतच नव्हतं. झालं! 'तुम्ही आमच्यातले नाही' असं तोंडाने म्हणायलाच नको. चिनी आणि भारतीय वंशाच्या लोकांना तिथे मत मिळालं ते १९४७ मध्ये, जपान्यांना त्यानंतर. मूळ रहिवाशांशी तर याहून वाईट वागणूक. १८७६ च्या कायद्याप्रमाणे त्यांच्यातला कोणी वकील झाला की तो कायद्याने मूळ रहिवासी उरतच नसे. आपल्या जमातीचा हक्क सोडायचा आणि मग वकिली करायची. आणि १९२७ ते १९५१ या काळात आपल्या जमिनीच्या दाव्यासाठी वकील करायला सरकारच्या परवानगीविना पैसे गोळा करणं हाच गुन्हा होता.

म्हणून २०१७ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या वरिष्ठ कोर्टात पलबिंदर कौर शेरगिल या पगडीधारी शीख बाई न्यायाधीश झाल्या, किंवा २०२२ मध्ये मिशेल ओबॉन्सविन या मूळ रहिवासी बाई देशाच्या सर्वोच्च न्यायालयात बसल्या, तेव्हा त्या बातम्यांचं तिकडे एवढं अप्रूप का झालं ते आता तुमच्या ध्यानात येईल.

बरं, आजची स्थिती काय? रंगावरून वा बाई म्हणून नकार देणं आज बेकायदेशीर आहे. पण जागा कमी आणि उमेदवार जास्त, हे दुखणं राहिलंच. विशेषतः परदेशातून शिकून आलेल्यांना. त्यांचा तिथे कोणी मामा वकील नसतो, कॉलेजातले प्राध्यापक ओळखीचे नसतात. यावर तोडगा म्हणून २०१४ पासून ओंटारिओत दुसरी वाट काढली: चार महिने प्रशिक्षण, त्यात खोट्या अशिलांची खऱ्यासारखी कामं, आणि मग चार महिने एखाद्या कचेरीत प्रत्यक्ष काम. थंडर बे इथल्या लेकहेड विद्यापीठाने २०१३ मध्ये कायद्याचं कॉलेज काढलं, तिथे ही उमेदवारी अभ्यासक्रमातच घातली. म्हणजे आपल्या मैत्रिणीच्या मामेभावाला वाट एकच नाही, हे मामींना जरूर कळवा.

टोरांटोत 'ऑसगुड हॉल' नावाची जुनी इमारत आहे, ओंटारिओच्या लॉ सोसायटीचं घर. तिच्या लोखंडी कुंपणाची दारं अशी अरुंद आणि वळणाची आहेत की माणूस अंग चोरून जातो, पण गाय जाऊ शकत नाही. गाई आत शिरू नयेत म्हणूनच ती तशी केली, अशी गंमत तिकडे सांगतात. खरंखोटं देव जाणे.

आत गेल्यावर नव्या वकिलाचा दिवस कसा असतो? काळा झगा आणि मानेखाली पांढऱ्या पट्ट्या आपल्यासारख्याच, इंग्लंडसारखा केसांचा टोप मात्र नाही. पण झगा घालायची वेळ कमी, टेबलाशी बसायची जास्त. मोठ्या कचेऱ्यांत वेळ सहा सहा मिनिटांच्या तुकड्यांत लिहून ठेवतात. तासाचे दहा तुकडे. अशिलाशी चार मिनिटं फोनवर बोललात, लिहा एक तुकडा. पत्र लिहायला अर्धा तास लागला, लिहा पाच. त्यावरून बिल होतं. तुमच्या अभ्यासाचा असा हिशोब आईने ठेवला तर काय होईल? मोबाइलकडे पाहिलेले तुकडे वेगळे मांडावे लागतील! यातली गंमत सोडली तर ही गोष्ट जाच करणारीही आहे. २०२२ मध्ये शेरब्रुक विद्यापीठाने कॅनडाभरच्या वकिलांची पाहणी प्रसिद्ध केली. अर्ध्याहून अधिक जणांच्या मनावर मोठा ताण असल्याचं त्यात दिसलं, आणि नव्यांवर तो आणखी जास्त होता. मुलाला वकील करायला निघालेल्या आईबाबांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

शिवाय कायदा एका जागी उभा राहत नाही. आपल्याकडे तारखांवर तारखा पडतात हे तुम्ही घरात ऐकलं असेल. कॅनडातही खटले रेंगाळायचे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'जॉर्डन' खटल्यात दोन आकडे ठरवून दिले. आरोप ठेवल्यापासून खटला संपेपर्यंत खालच्या कोर्टात १८ महिने आणि वरिष्ठ कोर्टात ३० महिने. त्यात आरोपीने स्वतः लावलेला उशीर धरायचा नाही. याहून वेळ लागला आणि सरकारला तसंच जबर कारण दाखवता आलं नाही, तर खटला बंद! जॉर्डनच्या खटल्याला चार वर्षांहून जास्त लागली होती. निकाल झाला तोही नऊपैकी पाच न्यायाधीश एका बाजूला आणि चार दुसऱ्या बाजूला असा. त्यानंतर खुनासारख्या भयंकर आरोपांचे काही खटलेही बंद झाले. ज्यांचं माणूस गेलं त्यांनी काय करायचं? आणि दोष सिद्ध न होता वर्षानुवर्षं कोठडीत पडलेल्याने काय करायचं? दोन्ही प्रश्न खरे आहेत. मला स्वतःला वाटतं, घड्याळ लावलं ते बरंच केलं; पण घड्याळाबरोबर न्यायाधीशही पुरेसे नेमायला हवेत. त्या दिवसापासून फौजदारी काम करणाऱ्या प्रत्येक नव्या वकिलाच्या टेबलावर कायद्याच्या पुस्तकाइतकंच कॅलेंडर महत्त्वाचं झालं.

दुसरा बदल तुमच्या चांगल्या ओळखीचा, चॅटजीपीटी. आधीचे निवाडे शोधून काढणं हे उमेदवाराचं पहिलं काम. "अमुक साली अशाच भांडणात कोर्टाने असं ठरवलं होतं" हे दाखवता आलं की बाजू भक्कम होते. ब्रिटिश कोलंबियात मुलांनी वडिलांना भेटायला जावं की नाही, असं एक कौटुंबिक प्रकरण होतं. त्यात एका वकिलाने दोन निवाड्यांचा दाखला दिला. विरुद्ध बाजूचे वकील ते शोधून शोधून थकले. सापडणार कुठून? ते निवाडे कधी झालेच नव्हते, यंत्राने रचून दिले होते! २०२४ च्या फेब्रुवारीत कोर्टाने त्या खटाटोपाचा खर्च वकिलाने स्वतःच्या खिशातून भरावा असं सांगितलं. त्याआधी २०२३ मध्येच मॅनिटोबाच्या वरिष्ठ कोर्टाने वकिलांना बजावलं होतं, की कागदपत्रं करताना असं यंत्र वापरलं तर तसं लिहून द्या. मला मात्र वेगळीच काळजी वाटते. शोधाशोधीचं काम यंत्राकडे गेलं तर उमेदवाराला हाताखाली घ्यायची गरज किती प्रिन्सिपलांना वाटेल? आणि आज उमेदवार घेतले नाहीत, तर वीस वर्षांनी प्रिन्सिपल कुठून येतील?

पण यंत्राला जमणार नाही अशा वकिलीचा एक नमुना सांगतो. अगदी उत्तरेला नुनाव्हुट हा प्रदेश आहे. १९९९ मध्ये तो वेगळा झाला. आकार महाराष्ट्राच्या सुमारे सहापट, वस्त्या जेमतेम पंचवीस, आणि एका वस्तीतून दुसरीत जायला रस्ता नाही. मग कोर्टच विमानात बसतं! न्यायाधीश, कारकून, दुभाषे, सरकारी वकील आणि आरोपीचा वकील मिळून वस्तीवर उतरतात आणि गावच्या सभागृहात नाहीतर शाळेच्या व्यायामशाळेत कोर्ट भरतं. बाहेर बर्फ, आत इनुक्टिटुट भाषेत साक्ष. वकील बहुतेक दक्षिणेकडून आलेले, त्यांना ती भाषा येत नाही. म्हणून तिथे तिथल्याच मुलांसाठी कायद्याचा खास वर्ग काढला. २००५ साली त्यातून अकरा इनुइट पदवीधर बाहेर पडले. आपल्या आजीच्या भाषेत आपल्याशी बोलणारा वकील त्या वस्त्यांना तेव्हा मिळू लागला.

जाता जाता एक काम देतो. तुमच्या गावातल्या एखाद्या वकीलकाकांना किंवा वकीलताईंना गाठा आणि विचारा, "तुम्ही पहिल्यांदा कुणाकडे बसलात? आणि पहिल्या दिवशी त्यांनी तुम्हाला काय काम दिलं?" जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवा. निवडक उत्तरं याच सदरात छापू.